उद्यमबागेतील शेड कुणाची?

वाचकाचे पत्र (थोडक्यात): मी गेली नऊ वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या जागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे जॉबवर्क करतो. जागा घेतली तेव्हा पुढे सिमेंट पत्र्याचे एक जुने बांधकाम आणि मागे मोकळे आवार होते. दुसऱ्या वर्षी मालक काकांच्या तोंडी परवानगीने मागे १,२०० चौरस फुटांची लोखंडी शेड उभारली, तिच्यात दोन टनांची क्रेन बसवली, विटांची स्लॅबची ऑफिस खोली बांधली, जमिनीला काँक्रीट केले, बोअर मारली, वीजजोडणीचा भार वाढवून घेतला आणि जुन्या छपराचे पत्रेही बदलले. शेड झाल्यावर काकांनी भाडे ११,००० वरून १६,००० रुपये केले. दर अकरा महिन्यांनी कन्नडमध्ये करार होत असे. शेवटचा करार संपून तीन वर्षे झाली, पण भाडे चालूच होते. काका गेल्या वर्षी वारले. आता त्यांच्या चिरंजीवांनी १५ दिवसांची नोटीस पाठवली आहे. जागा खाली करा, शेडसह सर्व बांधकाम मालकाचे आहे, त्याला हात लावू नका, शिवाय लेखी परवानगी न घेता बांधकाम केल्याबद्दल जागा मूळ स्थितीत आणून देण्याचा खर्चही तुमच्याकडून घेऊ, असे तीत लिहिले आहे. कोल्हापूरचे माझे मेव्हणे म्हणतात की आणखी तीन वर्षे काढ, बारा वर्षे झाली की जागाच तुझी होईल. मी काय करावे? — एक लघुउद्योजक

स. न. वि. वि.

आपले पत्र, सोबत जोडलेली कराराची प्रत आणि नोटीस मी दोनदा वाचली. नऊ वर्षांत पदरचे पैसे घालून उभे केलेले सगळे एका कागदाने दुसऱ्याचे ठरते की काय, ही आपली धास्ती मला समजते. आपल्या बाजूने कायदा बराच आहे, पण आपल्याला वाटतो त्या ठिकाणी नाही. ज्यावर आपण भिस्त ठेवून आहात ती बांधकामाच्या खर्चाची भरपाई कायदा देत नाही, आणि ज्याचा आपल्या पत्रात उल्लेखही नाही तो हक्क, म्हणजे आपण उभारलेली वस्तू सोडवून घेऊन जाण्याचा, कायदा स्पष्टपणे देतो. मात्र त्या हक्काला एक कडक मर्यादा आहे आणि ती आपल्या खिशातील किल्लीशी बांधलेली आहे.

आधी मेव्हण्यांचा सल्ला बाजूला ठेवू. बारा वर्षांच्या कब्जाने मालकी मिळते ती मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, त्याच्या विरोधात जागा ताब्यात ठेवणाऱ्याला. आपण दरमहा भाडे देता, म्हणजे दरमहा मालकाची मालकी मान्य करता. असा ताबा बारा काय, पन्नास वर्षे राहिला तरी त्यातून मालकी उगवत नाही. कोल्हापूरहून येणाऱ्या सल्ल्यांबाबत आपल्या भागातील व्यापाऱ्यांना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघून शिनोळीला पोहोचलो की राज्य बदलते आणि भाडे नियंत्रणाचा कायदाही बदलतो. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, नातीगोती अजून तिकडची आहेत, त्यामुळे तिकडचे 'लीव्ह अँड लायसन्स' आणि तिकडचे भाडेकरू संरक्षण इकडेही चालते असे पुष्कळजण धरून चालतात. इकडे कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा आहे, आणि व्यापारी जागांपैकी १४ चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या गाळ्यांपलीकडे तो जात नाही. खडेबाजारातील एखाद्या चिंचोळ्या दुकानाला तो लागू होऊ शकेल, आपल्या वर्कशॉपला नाही. आपल्याला लागू आहे तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, जो शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच आहे.

या कायद्याच्या कलम १०८ मध्ये, करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळे काही ठरलेले नसेल तर मालक आणि भाडेकरू यांचे हक्क काय, हे सांगितले आहे. त्यातील 'एच' हे उपकलम आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. त्याचा आशय असा: भाडेकरूने जमिनीला जोडलेल्या सर्व वस्तू, भाडेपट्टा संपल्यानंतरही, त्याला काढून नेता येतात, परंतु जागा त्याच्या ताब्यात असेपर्यंतच, त्यानंतर नाही, आणि जागा मिळाली तेव्हा होती त्या स्थितीत त्याने सोडली पाहिजे. 'जमिनीला जोडलेल्या' या शब्दांत याच कायद्याच्या कलम ३ नुसार भिंती आणि इमारतीसुद्धा येतात. जमिनीवर जे उभे राहिले ते जमीनमालकाचे, हे जुने इंग्रजी सूत्र आपल्याकडे जसेच्या तसे कधीच स्वीकारले गेले नाही. १८६६ सालीच कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते नाकारले होते. पुढे १९५८ मध्ये धैर्यवान विरुद्ध ठाकूर या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जमीन एकाची आणि तिच्यावरची इमारत दुसऱ्याची असू शकते हे मान्य केले, आणि भाडेपट्टा चालू असेपर्यंत भाडेकरूने बांधलेली इमारत त्याचीच राहते असे सांगितले. तेव्हा 'सर्व बांधकाम मालकाचे आहे' हे नोटिशीतील वाक्य, करारात तसे लिहिलेले नसेल तर, कायद्याला धरून नाही.

आपल्या करारात तसे लिहिलेले आहे काय, हे मी मुद्दाम शोधले. उपनोंदणी कार्यालयाच्या बाहेर टंकलेखकाकडे तयार मिळणाऱ्या करारांत बहुतेक वेळा एक वाक्य असते की भाडेकरूने केलेले बांधकाम व फिटिंग जागा सोडताना मोबदल्याशिवाय मालकाचे होईल. आपल्या करारात ते नाही. त्यात दोनच संबंधित अटी आहेत: मालकाच्या लेखी संमतीशिवाय इमारतीत फेरबदल करू नये, आणि जागा जशी घेतली तशी परत करावी. आपण लिहिता की हा कन्नड मजकूर आपल्याला कधी कुणी वाचून दाखवला नाही, 'नेहमीचेच आहे' म्हणून आपण सही करीत गेलात. आपल्या गावात मराठी माणसाच्या हातून हे इतक्या वेळा होते की मला त्याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. सही केलेला माणूस 'मला ती भाषा वाचता येत नव्हती' एवढेच म्हणून करारातून सुटत नाही. यावेळी मजकूर आपल्याला अनुकूल निघाला, हे नशीब म्हणावे लागेल.

अनुकूल कसा, ते पाहा. 'जशी घेतली तशी परत करावी' ही अट मालकानेच घातलेली आहे. आपण जागा घेतली तेव्हा मागे मोकळे आवार होते. त्या अटीप्रमाणे वागायचे तर शेड काढावीच लागते. नोटिशीत मात्र शेडला हात लावू नका असेही म्हटले आहे आणि जागा मूळ स्थितीत आणण्याचा खर्चही मागितला आहे. या दोन मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. शेड ठेवून घ्यायची असेल तर ती हटवण्याचा खर्च मागता येत नाही, आणि मूळ स्थिती हवी असेल तर शेड नेण्यास अडवता येत नाही. आपल्या उत्तरातील पहिला परिच्छेद हाच असावा.

आता परवानगीबद्दल. कलम १०८ चे 'पी' उपकलम सांगते की शेतीच्या कामाव्यतिरिक्त कोणतेही कायमस्वरूपी बांधकाम भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय करू नये, आणि आपल्या करारात तर लेखी संमतीचा उल्लेख आहे. काकांची परवानगी तोंडी होती. परंतु आपल्या पत्राच्या शेवटच्या पानावर आपण जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, जिचे महत्त्व आपल्या लक्षात आलेले दिसत नाही: वीजभार वाढवताना हेस्कॉम या वीज कंपनीने मालकाचे ना हरकत पत्र मागितले होते आणि 'मागील नव्या शेडमध्ये यंत्रे बसवण्यासाठी' अशा शब्दांत काकांनी ते सहीनिशी दिले होते. ती लेखी संमती आहे. निदान शेड माहीत होती आणि मान्य होती याचा मालकाच्या हातचा पुरावा तरी आहेच. त्याच सुमारास वाढलेले भाडे आणि त्यानंतर सात वर्षे विनातक्रार घेतलेल्या पावत्या त्याला बळ देतात. काकांच्या पश्चात चिरंजीवांकडे मालकी आली ती काकांनी दिलेल्या संमतीसह आली. वडिलांनी मान्य केलेले आपल्याला माहीत नव्हते, एवढ्यावर त्यांना ते नाकारता येणार नाही.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. संमती असल्याने आपण कराराचा भंग केला नाही एवढे सिद्ध होते. संमतीतून भरपाईचा हक्क आपोआप निघत नाही. आपण ११ लाख ४० हजारांचा जो हिशेब जोडला आहे, तो 'मालकाने मला द्यावा' अशी मागणी कोर्टात टिकेल असे मला वाटत नाही, आणि आपल्याला खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. सुधारणांची किंमत मिळण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ५१ मध्ये आहे, पण ती मालमत्ता आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने खर्च करणाऱ्यासाठी आहे. भाडेकरूला आपण मालक नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. करार कायद्याच्या कलम ७० चा आधार काहीजण सुचवतात. तेथे काम दुसऱ्यासाठी केलेले असावे लागते, आणि आपण शेड बांधली ती आपल्या धंद्यासाठी. तेव्हा करारात मोबदला ठरलेला नसेल तर भाडेकरूला नेण्याचा हक्क आहे, किंमत मागण्याचा नाही.

मग नेता काय येईल? येथे वस्तूनिहाय पाहावे लागते. शेडचे खांब काँक्रीटच्या पायावर बेसप्लेट ठेवून बोल्टने बसवले आहेत, असे आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून दिसते. प्रत्येक प्लेटला चार बोल्ट आहेत आणि त्यांवरचा रंगही शाबूत आहे. बोल्ट सोडून, कैच्या (छपराचे लोखंडी त्रिकोणी सांगाडे) उतरवून, पत्रे रचून ही शेड दुसरीकडे उभी राहू शकते. क्रेन आणि लेथ यांच्याबद्दल तर शंकाच नको. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर डांबर मिश्रणाच्या यंत्राचे एक प्रकरण होते. ते यंत्र सुमारे दीड फूट खोल पायावर नट-बोल्टने बसवलेले होते. यंत्र हलू नये, थरथरू नये म्हणून ते पायाला जखडले, तर तेवढ्याने ते स्थावर होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. खटला अबकारी कराचा होता, पण कसोटी हीच: जोडणी किती पक्की आहे आणि कशासाठी केली आहे. आपली लेथ पायाला जखडली ती लेथ नीट चालावी म्हणून, जमिनीचे भले व्हावे म्हणून नव्हे.

ऑफिस खोलीही कायद्याने आपल्याला पाडून नेता येते, पण स्लॅब फोडून हाती राडारोडा येईल आणि तो उचलण्याचा, आवार सपाट करण्याचा खर्च अंगावर पडेल. काँक्रीटची जमीन तशीच राहू द्यावी. बोअर जमिनीत राहील. पंप, पाइप आणि केबल आपली. जुन्या छपराचे बदललेले पत्रे मात्र काढू नका. मूळ पत्रे आता अस्तित्वात नाहीत, नवे काढले तर मालकाचे बांधकाम उघडे पडेल, आणि 'मिळाली तेव्हाच्या स्थितीत' ही अट आपणच मोडल्यासारखे होईल. तो खर्च गेला असे समजावे. वीजमीटर हेस्कॉमचा असतो, पण भारवाढीसाठी भरलेली अनामत आपल्या नावावर आहे की काकांच्या, हे पावतीवर पाहावे; आपल्या नावावर असल्यास जोडणी बंद करताना ती परत मागता येते. पॅनेल बोर्ड आणि आतील वायरिंग आपले आहे, परंतु वायरिंग उपटताना भिंती फुटणार असतील तर सोडून द्यावे.

आता ताब्याबद्दल सांगतो, आणि येथे जरा थांबून वाचावे अशी विनंती आहे. काही वर्षांपूर्वी वडगावातील एक यंत्रमागवाले गृहस्थ माझ्याकडे आले होते. जागा सोडायचे ठरले होते, संबंध चांगले होते. चंदगडला घरच्या लग्नाला निघताना त्यांनी मालकाला किल्ली दिली आणि 'माग, मोटारी आणि लोखंडी घोडे (आधाराचे स्टँड) चार दिवसांनी नेतो' असे सांगितले. परत आले तेव्हा दाराला नवे कुलूप होते. खिडकीच्या जाळीतून आपलेच माग आपल्याला दिसत आहेत आणि हात लावता येत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. नुसते ठेवलेले माग आम्ही सोडवले, पण जमिनीत काँक्रीटमध्ये बसवलेल्या घोड्यांवर आणि लाइनशाफ्टवर (माग फिरवणाऱ्या लांब दांड्यावर) पाणी सोडावे लागले, कारण 'ताबा असेपर्यंत, त्यानंतर नाही' हे शब्द आमच्या विरुद्ध उभे होते. म्हणून शेडचा शेवटचा खांब ट्रकवर चढेपर्यंत किंवा तिच्या किमतीचा लेखी समझोता होऊन रक्कम खात्यात जमा होईपर्यंत किल्ली देऊ नये.

नोटिशीची मुदत किती, याचीही आपल्याला शंका आहे. कारखान्यासाठी घेतलेल्या जागेला सहा महिन्यांची नोटीस लागते असे कुणीतरी आपल्याला सांगितले आहे. कलम १०६ मध्ये तसे आहे खरे, पण नोंदणीकृत भाडेपट्टा नसेल तर अशी वहिवाट महिनेवारी धरली जाते आणि १५ दिवसांची नोटीस पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा सहा महिन्यांवर विसंबू नये. दुसरीकडे, १५ दिवस संपले म्हणून मालकाला स्वतः येऊन कुलूप लावता येत नाही. ताबा कोर्टामार्फतच घ्यावा लागतो. जबरीने बाहेर काढल्यास विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. भाडेपट्टा संपल्यावरही ताबा असेपर्यंत वस्तू काढण्याचा हक्क टिकतो, हे वर आलेच. परंतु मुदतीनंतर विनाकारण रेंगाळू नका, कारण त्या काळाची नुकसानभरपाई बाजारभावाने मागितली जाऊ शकते, आणि सोळा हजारांच्या जागेला आज काय भाव आहे हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

माझा सल्ला असा की शेड सोडवण्याची तयारी खरोखर करावी आणि तसे लेखी कळवावे. मग बोलणी करावीत. शेड उतरवून नेणारा भाडेकरू समोर उभा राहिला की मालकालाही हिशेब करावा लागतो. शेडसह जागा दिली तर नवा भाडेकरू लगेच मिळतो, मोकळ्या आवाराला मिळत नाही. फॅब्रिकेटरकडून दोन आकडे घ्या: शेड उतरवून दुसरीकडे उभारण्याचा खर्च आणि आजच्या भावाने तशीच नवी शेड उभारण्याचा खर्च. आपली रास्त किंमत या दोन आकड्यांमधूनच निघेल, जुन्या बिलांच्या बेरजेतून नाही. काकांशी आपले संबंध घरोब्याचे होते असे आपण लिहिले आहे. चिरंजीवांकडे वकिलाच्या पत्राआधी एखाद्या परिचित ज्येष्ठ उद्योजकाला सोबत घेऊन एकदा समक्ष जावे, असे मला मनापासून वाटते. जमले तर समझोता आपल्याला वाचता येईल अशा भाषेत, योग्य मुद्रांकावर, वस्तूंच्या यादीसह करावा. न जमल्यास, आणि शेड नेण्यास प्रत्यक्ष अडथळा झाला तर, मनाई हुकमासाठी दावा लावता येईल. व्यापारी वापराच्या जागेचा ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा वाद व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत येतो आणि तेथे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. मात्र तातडीचा मनाई हुकूम मागताना ती अट आड येत नाही.

पुढची जागा घेताना करारात एवढे वाक्य घालून घ्यावे: 'परिशिष्टात नमूद केलेल्या वस्तू व बांधकाम भाडेकरूच्या मालकीचे असून, भाडेपट्टा संपल्यावर ६० दिवसांच्या आत ते काढून नेण्याचा त्यास हक्क राहील, किंवा उभयमान्य मूल्यनिर्धारकाने ठरवलेली किंमत देऊन मालकास ते ठेवून घेता येईल.' परिशिष्टात दर वर्षी नवी भर घालून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मुदत एक वर्षापेक्षा जास्त असेल तर नोंदणी टाळू नका. आणि ज्याच्याकडून जागा घेता तोच मूळ मालक आहे की औद्योगिक मंडळाचा भाडेपट्टेदार आहे, हे आधी पाहावे, कारण मूळ पट्ट्यात बांधकामाला बंदी असेल तर त्याची संमती पुरेशी ठरणार नाही.

तूर्त नोटिशीला उत्तर देण्याची घाई करण्याआधी उद्याच हेस्कॉमच्या उपविभाग कार्यालयात जा आणि काकांच्या त्या ना हरकत पत्राची प्रमाणित प्रत मागा. अर्जाची पोच घ्या. प्रत हातात आली की तिच्या तारखेचा उल्लेख उत्तरात करता येईल, आणि शेडची, बेसप्लेटची, क्रेनच्या रुळांची आजची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवा.

आपला,
सदरलेखक